आधी वाट, मग गोष्ट

मला मामा नव्हता. आईला चार बहिणी, भाऊ एकही नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती ताट घेऊन अंगणात उभी राहायची आणि चंद्राला ओवाळायची. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून तिची नुसती धावपळ चाललेली असे. सुट्टीत मामाच्या गावी जाणं, मामीचे लाड, ह्यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. पण मामा नसण्याचा एक फायदा होता आणि तो मी पुरेपूर उपटला. मी दिवसाढवळ्या गोष्टी सांगू शकत होते.

हे आता समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं असं मानायचे की दिवसा गोष्ट सांगितली तर सांगणाऱ्याचा मामा वाट चुकतो. गोष्टी सांगायच्या त्या दिवेलागण झाल्यावर, आणि समोर कुणीतरी 'हूं' म्हणणारं पाहिजे. हूं थांबला की गोष्ट थांबली. दिवसा कुणी पोरगी गोष्टीला बसली की घरातून आवाज यायचा, "मामाला रानात फिरवायलीस का गं?" कामं बुडू नयेत म्हणून कुणीतरी काढलेली ही युक्ती असणार, एवढं आता मलाही कळतं. तेव्हा मात्र आम्ही ती खरी मानायचो. मामावाल्या पोरी दुपारभर गप्प बसायच्या आणि मी त्यांच्यापुढं राजा, राणी, राक्षस, सगळे बाहेर काढायची. माझ्या पायी चुकायला कुणी नव्हतंच.

आम्ही मूळचे झरीजवळच्या एका खेड्यातले. रझाकारांच्या धामधुमीत घर सोडून वऱ्हाडात नातेवाइकांकडं जाऊन राहिलो. पोलीस ॲक्शननंतर परत आलो तर माळवदाची लाकडं कुणीतरी उतरवून नेलेली, वर नुसतं आभाळ. मग वडिलांनी परभणीतच बिऱ्हाड केलं. ते कचेरीत कारकून होते. सगळी उमर त्यांनी उर्दूत लिहिलं होतं, आणि मीही दुसरीपर्यंत उर्दूतच शिकले होते. आता कचेरी मराठीत आली आणि वडील चाळिशीनंतर माझ्या पाटीवर अक्षरं घोटायला बसले. त्यांचा 'झ' मी तपासायची आणि मोठ्या तोऱ्यात चुकीची फुली मारायची.

मी सातवीत असतानाची ही हकीकत आहे. त्या वर्षी उर्दू वर्गाला बाई मिळेनात म्हणून तिथल्या सात मुली आमच्या वर्गात आणून बसवल्या. वर्गात तरटाच्या पट्ट्या अंथरलेल्या असत. भिंतीकडची पट्टी त्यांची झाली, खिडकीकडची आमची. मध्ये हातभर उघडी फरशी होती. ती कुणी आखून दिलेली नव्हती, पण कुणी ओलांडतही नव्हतं. पाणी प्यायला त्या आधी गेल्या तर आम्ही माठ विसळायला लावायचो. मी तर सगळ्यांत पुढं. "ह्यांच्या लोकांनी आमचं घर उतरवलं," असं मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायची. ह्यांच्या म्हणजे नेमकं कुणाच्या, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी स्वतःलाही विचारलं नाही.

आमच्या वर्गाच्या बाई पुण्याकडून आल्या होत्या. त्यांचं मराठी छापल्यासारखं होतं. आम्ही 'लय' म्हणालो की त्या 'खूप' म्हणायला लावायच्या आणि आम्ही पुढच्या वाक्यात पुन्हा 'लय' म्हणायचो. अंगकाठी लहान, पण हट्टी बाई. मधली फरशी त्यांनी महिनाभर पाहिली, बोलल्या काही नाहीत. मग एका शनिवारी म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा. पण आपल्या घरची गोष्ट सांगायची नाही, ती कुणीही सांगेल. पलीकडच्या पट्टीवरच्या मुलीच्या घरी जायचं, तिथली गोष्ट ऐकायची आणि इथं येऊन ती सांगायची. दोघींची जोडी. एकीनं सांगितली नाही तर दोघी उभ्या राहतील."

शनिवारची शाळा सकाळची. म्हणजे गोष्टी भर उजेडात सांगायच्या. वर्गात कुजबुज सुरू झाली. शेवटी आमच्यातली एक धीर करून उठली, "बाई, दिवसा गोष्ट सांगावं तर मामा वाट चुकतेत." आणि भिंतीकडून एक जण ताडकन म्हणाली, "हौ बाई, मामू रस्ता भूल जाते."

आम्ही सगळ्या तिच्याकडं वळून बघायला लागलो. मला तर रागच आला. "हे आमचं हाय," मी म्हणाले. "तुमचं कसं?" ती म्हणाली, "हमारा है. मेरी नानी बोलती." मग मामा कुणाचे चुकतात ह्यावर जे भांडण पेटलं ते बाईंना टेबलावर पट्टी आपटून थांबवावं लागलं. बाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कुणाचे मामा चुकलेच तर मी स्वतः शोधून आणीन." हुकूम बाईंचा म्हणजे दोषही बाईंचा, असा हिशेब करून बऱ्याच जणी तयार झाल्या.

माझी जोडी पडली ती एका उंच, किडकिडीत मुलीशी. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही. तिचं घर आमच्यापासून लांब होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या अम्मीनं मशीन थांबवलं. त्या शिवणकाम करून घर चालवायच्या, नवरा पूर्वीच वारलेला. त्यांनी मला पाणी विचारलं नाही. पितळीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "सुका चलता ना तुमकू?" आमच्याकडं त्यांच्या हातचं पाणी चालत नाही, कोरडं चालतं, हे त्यांना पाठ होतं. मी शेंगदाणे खाल्ले. आमच्या घरी ती आली तेव्हा आईनं तिला कोनाड्यातल्या कपात चहा दिला. तो कप अशा पाहुण्यांसाठीच वेगळा ठेवलेला होता. तिनं तो पिऊन झाल्यावर स्वतःच धुऊन कोनाड्यात ठेवला. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आता आठवलं की लाज वाटते.

तिच्या घरची गोष्ट मी शनिवारी झोकात सांगितली. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली ती तशीच राहिली. बाईंनी समजावलं, चुचकारलं, मग दोघींना उभं केलं. दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्या शनिवारी तेच. माझी गोष्ट वर्गात सगळ्यांत चांगली, आणि तरी मी तासभर भिंतीला टेकून उभी. माझं डोकं फिरलं.

तास सुटल्यावर मी तिला आवारातल्या लिंबाखाली गाठलं. "तुझा मामा काय लाटसाहेब हाय का? एवढा बाप्या माणूस, इचारत इचारत येईल की!" ती गप्प. ती गप्प राहिली की मला आणखी चेव यायचा. "का त्यो गेला पाकिस्तानात?"

"गया नै," ती म्हणाली. "चुकला. मीच चुकवला."

आणि मग तिनं सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगते, कारण ती फार थोड्या शब्दांत बोलली. पोखर्णीच्या पुढं त्यांचं गाव. बाप नसलेली ही पोरं मामाच्या घरी वाढत होती. ॲक्शननंतरच्या त्या आठ-दहा दिवसांत, आमच्यासारखे लोक परत यायला निघाले होते तेव्हा, त्यांच्यासारख्यांना घर सोडायची वेळ आली. मामानं बहिणीला आणि पोरांना बैलगाडीत बसवलं, वरून कडबा रचला आणि ओळखीच्या गाडीवानाबरोबर परभणीला धाडलं. "मैं पीछेसे आता," म्हणाला. वाटेत धाकटा भाऊ रडायला लागला. बाहेर माणसांचे आवाज येत होते. अम्मी त्याचं तोंड दाबून धरायची, तो आणखी हातपाय झाडायचा. तेव्हा हिनं, सात-आठ वर्षांच्या पोरीनं, त्याच्या कानाला तोंड लावून गोष्ट सांगायला सुरुवात केली. पोरगा गप्प झाला. परभणी येईपर्यंत ती सांगत राहिली. गाडी पोचली. मामा आला नाही.

"दिन था," ती म्हणाली. "कडब्यातून ऊन दिसत होतं."

त्या गोष्टीपायी ती मायलेकरं जिवंत परभणीत पोचली, हे मला त्या वेळी सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. मला फक्त स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटली की मी चिडते. मी तरातरा बाईंकडं गेले आणि म्हणाले, "तिच्या वाट्याची गोष्ट पण मीच सांगते. मला मामा न्हाई, काय बी होत न्हाई." बाईंनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. बाई बराच वेळ हजेरीपटाची पानं चाळत बसल्या, आणि बरं म्हणाल्या.

त्यानंतर आमची एक रीत पडली. ती आमच्या घरी येऊन दिवे लागल्यावर आईची गोष्ट ऐकायची, घरी जाऊन चिमणीच्या उजेडात उर्दूत कागदावर उतरवायची. मराठी ती बोलायची, पण लिहिताना अडखळायची. शनिवारी तो कागद हातात धरून मी गोष्ट मराठीत सांगायची. माझ्याच आईची गोष्ट तिच्या कागदावरून परत यायची तेव्हा ओळखू यायची नाही. गुरवाचा झालेला असायचा मुल्ला, पुरणाच्या ठिकाणी मिठा भात आलेला असायचा, आणि सासू होती तशीच असायची. सासूपाशी आल्यावर दोन्ही पट्ट्या एकदम हसायच्या. 'हूं' देणारी ती. पुढं बसून ती असा स्वच्छ हूं द्यायची की अडलेली गोष्टही पुढं सरकावी.

हळूहळू दुसऱ्या मुलीही आपापल्या गोष्टी माझ्या गळ्यात घालायला लागल्या. बाईंचा हुकूम खरा, पण मामांची काळजी गेली नव्हती. दिवाळीपर्यंत मी एकटीच अर्ध्या वर्गाच्या गोष्टी सांगत होते आणि मला त्याचा लय गर्व होता. मधल्या फरशीवर आता माझा कागदांचा ढीग असायचा, त्यामुळं ती फरशी राहिलीच नव्हती म्हणा.

गावात मात्र बोलणं सुरू झालं. आमच्या लोकांना मुली त्यांच्या घरी जातात हे खुपलं, त्यांच्या लोकांना आमच्या घरी येतात हे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं ह्या एका बाबतीत एकमतानं तक्रार करायला निघाली. एक दिवस तपासणीला वरचे साहेब येणार असं कळलं. गोष्टीचा तास बंद होणार आणि बाईंची कुठंतरी लांब बदली होणार, अशी बोलवा उठली. तपासणीच्या शनिवारी बाई इस्त्रीचं पातळ नेसून आल्या होत्या आणि त्यांचा खडू सारखा मोडत होता.

साहेब आले, बसले. चष्मा पुसत म्हणाले, "गोष्टीचा तास तुमचाच का? ऐकू द्या एखादी." माझा हात वर गेलाच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू नको. मला कळलंय की ह्या वर्गात एकच मुलगी सगळ्यांच्या गोष्टी सांगते. मग बाकीच्यांना ह्या तासाचा काय उपयोग?" आणि त्यांनी नेमकं तिच्याकडं बोट केलं. "तू सांग, मुली."

बाई म्हणाल्या, "ती जरा बुजरी आहे, सर."

"सहा महिने तास चालतो आणि ह्या मुलीनं एकही गोष्ट सांगितलेली नाही?" साहेबांनी वही उघडली. "म्हणजे तक्रारीत तथ्य दिसतं."

ती उभी राहिली. मला वाटलं, ओरडून सांगावं की साहेब, हिच्या मामाचा प्रश्न हाय. पण असलं साहेबाला कसं सांगायचं? ती बाईंकडं बघत होती. बाईंनी मान हलवली, नको म्हणून. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, त्या बाईंनी आपला तास जाऊ द्यायचं ठरवलं होतं, पण पोरीला भरीला घातलं नाही. तेवढ्यात ती साहेबांना म्हणाली, "पैले रस्ता बोलती. मग गोष्ट."

"हां, हां, बोल," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं गोष्टीचीच सुरुवात असणार.

ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. पोखर्णीचा रस्ता त्याच बाजूला होता.

"मामू, तुमी पोखर्णीच्या रस्त्यानं यायलाव, तर पैले जिनिंगची चिमणी दिसंल. तिच्याकडं बघत चालत ऱ्हायाचं."

एरवी हूं देणारी तीच होती. मग मीच म्हणाले, "हूं."

"चिमणीच्या मागं दोन चिंचा हायेत. एक वाळली. तिच्याकडं न्हाई जायाचं, हिरवीकडून आत यायचं."

"हूं," आता चार-पाच जणी म्हणाल्या.

"पुढं पिठाची गिरणी. तिथं इचारू नका, गिरणीवाल्याला ऐकू येत न्हाई. सरळ आडाकडं या. आडाच्या समोर हिरवा दरवाजा. त्याच्यावर अम्मीनं चुन्यानं हात उठवलाय, तुमाला कळावं म्हणून. आमी आत हाव. समदे हाव."

"हूं," सगळा वर्ग म्हणाला, दोन्ही पट्ट्या. बाई खाली बघत होत्या.

मग तिनं गोष्ट सांगितली. माझ्या आईचीच होती, चंद्राला भाऊ मानणाऱ्या बाईची. आमच्या घरच्या गोष्टीत चंद्र ताटात ओवाळणी टाकून निघून जातो. तिच्या गोष्टीत तो दारातच बसला आणि म्हणाला, "आपा, भूक लगी." मला ते आमच्यापेक्षा जास्त आवडलं, पण तसं मी तिला कधी म्हणाले नाही.

साहेब खूष झाले. जाताना शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं की मुलींची भूगोलाची तयारी उत्तम आहे. गोष्टीचा तास राहिला, बाईही राहिल्या. तो शेरा वाचून बाई इतक्या हसल्या की शेवटी पदरानं डोळे पुसायला लागल्या, आणि ते पुसणं बराच वेळ चाललं.

त्या शनिवारनंतर वर्गात रीतच झाली. गोष्टीच्या आधी प्रत्येकीनं उभं राहून आपल्या मामाला घराची वाट सांगायची. माझ्याकडचे कागद आपोआप कमी झाले. कुणाचा मामा गंगाखेडहून यायचा, कुणाचा झरीहून, कुणाचा नुसता पलीकडच्या गल्लीतून, पण वाट सगळ्या अगदी मन लावून सांगायच्या. वर्ष संपेपर्यंत वर्गातल्या प्रत्येकीचं घर कुठल्या आडापाशी आहे, कुणाचं कुत्रं चावरं आहे, कुठल्या दाराला कडी नाही, हे सगळ्यांना पाठ झालं. ज्या गल्ल्यांत पाऊल टाकायला आम्ही भ्यायचो, त्या आम्हाला डोळे झाकून सांगता येत होत्या. एकदा वाट पाठ झाल्यावर तिकडं न जाऊन कसं चालेल? आम्ही जायला लागलो. मी एकटीच तेवढी वाट न सांगता थेट गोष्टीला हात घालायची.

तिचा मामा काही आला नाही. ती दर शनिवारी वाट सांगायची आणि त्यात फेरफारही करायची. वाळलेली चिंच तोडली तेव्हा तिनं ते सांगितलं, गिरणी बंद पडली तेव्हा तेही. मी मनात म्हणायची, अगं, त्याला आधीचंच ठाऊक नाही, तर बदललेलं कुठून कळणार? पण तोंडानं हूं म्हणायची.

पुढं राज्यं नव्यानं आखली आणि परभणी मुंबई राज्यात गेली. उर्दूत शिकलेल्या माणसांना इथं आता काम दिसेना. हैदराबादेहून तिच्या चुलत्याचं बोलावणं आलं आणि त्यांनी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडं आली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

"इतके साल मी सांगितलेली वाट आता झूटी झाली," ती म्हणाली. "तो आला तर? हिरवा दरवाजा वाजवील आन् आत दुसरेच लोक."

"मी हाय की हितं," मी म्हणाले.

"तूच सांग मग. तुझ्या सांगण्यानं कोन चुकत नै."

तिची पत्रं यायची ती उर्दूत. प्रत्येक पत्राच्या वर, सलामाच्याही आधी, तिच्या नव्या घराची वाट लिहिलेली असायची. काचीगुडा स्टेशनवर उतरायचं, समोरचा रस्ता धरायचा, तिसऱ्या गल्लीला बर्फाचं दुकान, वगैरे. ती वाट मी हैदराबाद न पाहताच पाठ केली.

मॅट्रिक झाल्यावर मी परभणीतच प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. माझ्या वर्गातही शनिवारी गोष्टीचा तास ठेवला आणि मुलींना तीच रीत लावली. साठ सालच्या आगेमागे एका शनिवारी मी शाळेतून दुपारी घरी आले, तर ओट्यावर एक माणूस बसला होता. दाढी पांढरी झालेली, जवळ पत्र्याची पेटी, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. मला बघून तो उठला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई तुमीच का? आडाजवळच्या लोकांनी धाडलं. त्या हिरव्या दरवाज्यातले लोक कुठं गेले ते तुमाला माहीत हाय म्हनले."

मी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली. त्यानं पुन्हा विचारलं, ह्या खेपेला अगदी हळू, "जिंदा हैं?"

"हायेत," मी म्हणाले. "समदे हायेत."

तो ओट्यावर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तिथंच उभी राहून त्याला वाट सांगायला लागले, कारण मला दुसरं काही सुचेना. काचीगुड्याला उतरायचं. तो तोंडावरचे हात न काढता म्हणाला, "हूं." समोरचा रस्ता धरायचा. "हूं." तिसऱ्या गल्लीला बर्फाचं दुकान. "हूं." अशी मी शेवटपर्यंत सांगितली.

आईनं त्याला आत बोलावलं. चहा करून तिनं हात कोनाड्याकडं नेला, क्षणभर थांबली आणि आमच्या रोजच्या कपांतला एक उचलला. मग भाकरी आणि पिठलं वाढलं. जेवता जेवता तो थोडं थोडं बोलला. त्याला कुणी सांगितलं होतं की ती गाडी परभणीला पोचलीच नाही. मग तो मुंबईला गेला आणि एका बेकरीत भट्टीवर राहिला. इकडं परत येऊन कुणाचं तोंड पाहायचं, असं त्याला वाटायचं. बारा वर्षांनी परभणीकडचा एक जण त्याला तिथं भेटला आणि म्हणाला की आडासमोरच्या हिरव्या दरवाज्यात शिवणकाम करणारी तुझी बहीण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय.

मी त्याला कडब्यातल्या गोष्टीचं सांगितलं. तेव्हापासून ती स्वतःला दोष देते आहे, हेही सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"कहानी तर मीच सांगायला लावली होती तिला," तो म्हणाला. "गाडीत बसवताना म्हनलो, मुन्ना रोया तो उसे कहानी बोल, आवाज होऊ देऊ नको. भूल गयी पगली?"

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. आईनं बरोबर दोन भाकरी बांधून दिल्या. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, "चंद्रापरीस बरा. जेवून तरी गेला." आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

बारा-तेरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पहिल्यांदाच त्याच्यावर वाट नव्हती. उर्दूत चारच ओळी होत्या. मामू पोचले. तू सांगितलेल्या रस्त्यानं, कुणाला न विचारता आले. गाडीतली बात त्यांनी मला सांगितली, आणि मी दोन दिवस रडले. शेवटची ओळ अशी होती की, आता ते तुझेही मामू आहेत, तेव्हा तूही दिवसा नुसती गोष्ट सांगू नकोस, आमच्यासारखी आधी वाट सांगत जा.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. गोष्टीच्या तासाला मी मुलींपुढं उभी राहिले आणि नेहमीसारखी सुरुवात करायला तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. मग मी खिडकीकडं तोंड केलं. "टेशनावर उतरलात की उजव्या हाताला वळायचं," मी म्हणाले. "पाण्याच्या टाकीपाशी आलात की विचारा, कारकुनांचं घर कुठलं, कुणीही दाखवील."

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांनी मला कधी वाट सांगताना ऐकलं नव्हतं. पुढची एक म्हणाली, "बाई, तुमाला तर मामा न्हाई ना? मग ही वाट कुनाला?"

"माझ्या मामाला," मी म्हणाले. "हूं म्हण."